शोधणारही नाही, असं मी म्हणालो होतो

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सूचनापेटी लावण्याचा ठराव आला. जिन्याखाली एक पेटी, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, दर रविवारी सेक्रेटरीने उघडायची. हजर सभासद एकतीस. बाजूने तीस, विरोधात एक. तो एक मी.

"अहो सर, तुम्ही तर शाळेत अकरा वर्षं पेटी चालवलीत ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"चालवली. म्हणूनच विरोध करतोय."

"मग आपण अनुभवाचे दोन शब्द सांगा की."

"दोन शब्दांत मावणार नाही."

"मग लिहून काढा," मागून कोणीतरी म्हणालं. पुण्यात याचा अर्थ 'आता खाली बसा' असा होतो. मी खाली बसलो, आणि लिहायलाही बसलो. यातली माणसांची नावं बदललेली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

मंडईपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आधी गणिताचा शिक्षक आणि शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापकाचं काम बाहेरून दिसतं तसं छडी घेऊन फिरण्याचं नसतं. दिवसाचे पाच तास कागदांत जातात: हजेरी, आहार, गणवेश, वेतन आणि वर्षभर न संपणारी ऑनलाइन माहिती. उरलेल्या वेळात मुलं भेटतात, आणि ती मुख्याध्यापकाला खरं काही सांगत नाहीत. 'कसं चाललंय?' विचारलं की 'चांगलं सर' म्हणतात आणि पाय आपोआप दाराकडे वळतात. मुलांशी विश्वासाचं नातं जोडा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते कसं जोडायचं, तो तास मात्र नेमका जेवणाच्या सुट्टीत जातो.

शाळेत तक्रारपेटी असायलाच हवी, हा सरकारी नियम. आमच्याकडेही ती होती, माझ्या खोलीच्या दाराशेजारी. पहिल्या वर्षी मी ती दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर उघडली. वर्षभरात निघालेल्या वस्तू: चॉकलेटचे कागद चौदा, पेनाची टोपणं तीन, चिठ्ठ्या सात. सातांपैकी दोन मला आणि उरलेल्या पाच आठवी 'ब'मधल्या एका मुलीला उद्देशून होत्या. त्या मी फाडून टाकल्या.

कारण साधं होतं. माझ्या दाराशी उभं राहून पेटीत कागद टाकायचा म्हणजे सगळ्या शाळेसमोर हात वर करण्यासारखं. दुसऱ्या वर्षी मी पेटी उचलून पाण्याच्या नळांच्या वर, खिळा ठोकून लावली. तिथे दिवसातून दोनदा प्रत्येक जण थांबतो, बाटली भरेपर्यंत उभा राहतो, आणि त्याने हात कुठे नेला याकडे कोणाचं लक्ष नसतं. दुसरी गोष्ट केली ती उत्तराची. फाटकाजवळच्या फळ्यावर दर सोमवारी मी चिठ्ठ्यांची उत्तरं लिहू लागलो. चिठ्ठीतला विषय, आणि काय केलं ते. 'सातवी अ, पंखा फक्त बाईंवर फिरतो: बुधवारी दिशा बदलली.' 'खिचडीत मीठ कमी: खाऊन पाहिली. खरं आहे. सांगितलं.' 'गृहपाठ बंद करावा: शक्य नाही.' 'हेडसर रोज एकच शर्ट घालतात: शर्ट पाच आहेत. एकाच रंगाचे आहेत.'

या शेवटच्या उत्तराने पेटी चालू झाली, असं माझं मत आहे. त्या वर्षी चिठ्ठ्या एकसष्ट आल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्द. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या प्रार्थनेनंतर मी सांगायचो, "चिठ्ठी कोणाची आहे हे मी विचारणार नाही. शोधणारही नाही." हे दुसरं वाक्य मी मुद्दाम जोडलं होतं. मुलांना मोठ्या माणसांच्या पळवाटा पाठ असतात. विचारणार नाही म्हणणारा माणूस शोधू शकतो, हे त्यांना कळतं.

शिंदेबाई म्हणून आमच्या ज्येष्ठ शिक्षिका होत्या. पेटी समितीसमोर उघडायची असते. आमची समिती म्हणजे व्यवहारात मी आणि बाई. एका शुक्रवारी एक चिठ्ठी निघाली: 'आमच्या घरी रोज भांडण होतं. तुम्ही येऊन दोघांना रागवाल का?' फळ्यावर काय लिहायचं? बाई म्हणाल्या, "घाई करू नका सर. दार उघडं ठेवा आणि बाजूला व्हा." मी लिहिलं, 'एका चिठ्ठीचं उत्तर फळ्यावर मावत नाही. ज्याचं आहे त्याने वाटलं तर यावं. नाही आला तरी चालेल.' नऊ दिवस कोणी आलं नाही. त्या नऊ दिवसांत मी एकाही मुलाकडे संशयाने पाहिलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे. दहाव्या दिवशी सहावीतला एक मुलगा आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ते मीच." पुढे त्याच्या आईवडिलांना दोन-तीनदा बोलावून बोललो. भांडण थांबलं की नाही ते सांगता येत नाही, पण तो मुलगा दहावी होईपर्यंत आठवड्यातून एकदा तरी येऊन बसायचा.

हे शहाणपण मला येत होतं, म्हणून सांगितलं. येत नसतं तर पुढच्या गोष्टीचं इतकं वाईट वाटलं नसतं.

माझ्या सातव्या वर्षी, डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी, वहीच्या पानावर छापील वळणाची अक्षरं काढून लिहिलेली एक चिठ्ठी निघाली. ती मला तोंडपाठ आहे:

'दहावी. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला पाटणकर सर त्यांच्या क्लासच्या मुलांना २० पैकी १९ देतात. बाकीच्यांना ११ किंवा १२. वह्या सारख्याच असतात. आमच्या वर्गातले ९ जण क्लासला जातात. बोर्डाचे मार्क पण असेच देणार का?'

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दहावीला विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे असतात आणि वीस शाळेच्या हातात असतात. आठ गुणांचा फरक अकरावीच्या प्रवेशात एखाद्या मुलीला एका कॉलेजातून उचलून दुसऱ्या कॉलेजात टाकू शकतो. आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला खासगी क्लास घेता येत नाही. तसं तो दर वर्षी लिहून देतो. पाटणकर सरही देत होते. त्यांचा कोथरूडमधला क्लास मेव्हण्याच्या नावावर होता. हे शिक्षकखोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण कागदावर नव्हतं, आणि कागदावर नसलेलं मला ठाऊक नाही असं मानण्याची मी सवय लावून घेतली होती.

चिठ्ठी वाचून शिंदेबाई म्हणाल्या, "आलं एकदाचं."

मी त्या चिठ्ठीतल्या नऊच्या आकड्यांकडे पाहत होतो. बावीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्यावर माणूस मुलांचे चेहरे विसरला तरी त्याला त्यांचे आकडे आठवतात. बहुतेक मुलं नऊ काढताना आधी गोळा काढतात आणि मग शेपूट खाली ओढतात. मुख्याध्यापक झाल्यावरही मी गणिताचा एक तास घ्यायचो. त्या वर्गात एक मुलगी होती, ती खालून सुरुवात करून वर जायची आणि गोळा शेवटी बांधायची. त्यामुळे तिच्या नवाच्या डोक्यावर एक बारीक टोक राहायचं. तिने अक्षरं बदलली होती. आकडे बदलायचं तिला सुचलं नव्हतं. ती सायली. वडील पुस्तक बांधणीच्या कारखान्यात, आई मंडईत कोथिंबीर-मिरची विकायची. वर्गात पहिल्या पाचांत.

"सर," बाई म्हणाल्या, "चिठ्ठी कोणाची ते कळलंय, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. ते आधी पुसा."

"पण बाई, एका निनावी चिठ्ठीवर एका शिक्षकाची नोकरी धोक्यात आणायची? उद्या तुमच्याबद्दल कोणी लिहिलं तर?"

"मग चौकशी करा. लिहिणाऱ्याला सोडून कोणाकडेही करा."

मी शनिवार आणि रविवार विचार केला. माझं म्हणणं असं होतं, की न्याय दोन्ही बाजूंना हवा. आरोप आहे, तर पुरावा हवा. पुरावा साक्षीदाराकडे असतो. साक्षीदार कोण हे मला माहीत आहे. मग विचारायचं नाही, हा भित्रेपणा झाला. गणितातल्या सिद्धतेसारखी पायरीवर पायरी बसत गेली. पहिली पायरी म्हणजे जूनमध्ये दिलेला माझा शब्द, ती मी धरलीच नाही.

सोमवारी पाचव्या तासाला मी शिपायाला वर्गावर पाठवलं. वेळापत्रक बघूनच पाठवलं होतं. पाचवा तास हिंदीचा होता. पण हिंदीच्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या, आणि रजेवरच्या शिक्षकाचा तास दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागतो. त्याचा तक्ता रोज सकाळी माझ्या सहीने लागतो. त्या सकाळी तो तास मी पाटणकर सरांना दिला होता. सही केली आणि विसरलो.

सायली आली. मी दार लावून घेतलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"बस. घाबरू नकोस. ही कोणी लिहिली ते—"

"मला माहीत नाही सर."

"मी रागावलेलो नाही. उलट, चांगलं लिहिलंय. नेमकं आहे. फक्त मला नावं हवीत. कोण नऊ जण?"

"मी नाही लिहिली."

आता मी जे बोललो ते कौतुकाने बोललो, हे मला इथे सांगितलं पाहिजे, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही. मी म्हणालो, "सायली, तुझा नऊ मी कुठेही ओळखेन."

तिने चिठ्ठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर हिशोब चुकल्याचं मी इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं.

"सर, तुम्ही शोधणार नाही म्हणाला होतात."

"हो. पण हा विषय वेगळा आहे. पुराव्याशिवाय मला काही करता येत नाही."

"मग कशाला म्हणालात?"

मी म्हणालो, "हे बघ, तू मोठी आहेस—"

"मार्क तर तुमच्याकडेच असतात ना सर?" ती म्हणाली. "मला कशाला विचारताय?"

मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हणालो, "क्लासला कोण जातं ते माझ्याकडे नसतं." ती उठून उभी राहिली. "जाऊ?" आठ मिनिटं झाली होती.

ती वर्गात परत गेली तेव्हा पाटणकर सर फळ्यापाशी होते. पाटणकर सर हुशार माणूस, शिकवायचे उत्तम. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "या. साहेबांची भेट झाली? आमच्यासाठी काही आदेश?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ते तिला 'चौकशी अधिकारी' म्हणू लागले. "चौकशी अधिकारी, जरा खिडकी लावता?" ज्या नऊ जणांचा चिठ्ठीत उल्लेख होता त्यांना तो उल्लेख कसा कळला, ते मला आजही कळलेलं नाही. पण आठवड्याच्या आत ती पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून खिडकीच्या कोपऱ्यात गेली. तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

मी पाटणकर सरांना बोलावलं. नियमाची आठवण करून दिली, प्रात्यक्षिकाच्या गुणांबद्दल विचारलं.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "पुरावा? का फक्त एक चिठ्ठी? आणि ती कोणाची ते मला ठाऊक आहे, बरं का. आपणच ठाऊक करून दिलंत."

त्यानंतरच्या शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, सायलीची आई आली. मंडईतून तशीच आली होती. पदराला कोथिंबिरीचा वास होता. मागे सायली.

"सर, हिचं नाव त्या पेटीतनं काढून टाका," ती म्हणाली.

"अहो ताई, पेटीत नाव नसतं."

"मग सगळ्यांना कसं कळलं?"

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

"पोरगी दहावीला आहे. वीस मार्क त्या सरांच्या हातात. तिनं आगाऊपणा केला. मी तिला त्यांच्या पाया पडायला घेऊन आले. तुम्ही फक्त त्यांना बोलवा."

इथे थांबून सांगतो, की मला काय म्हणता आलं असतं. 'ताई, तिने खरं लिहिलंय. माफी मागायची गरज नाही. चूक माझी आहे.' मोजून तीन वाक्यं. ती बोलायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी ती बोललो नाही, कारण चौकशी पूर्ण झालेली नव्हती, आणि चौकशी पूर्ण होण्याआधी 'खरं' हा शब्द मुख्याध्यापकाने वापरू नये, असं मला वाटत होतं. मी शिपायाला पाटणकर सरांना बोलवायला सांगितलं.

ते आले. आई म्हणाली, "सर, लेकरू आहे, चुकलं." सायलीने वाकून नमस्कार केला. पाटणकर सर एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "अहो, असू दे, असू दे. आमच्या मनात काही नसतं." ती उभी राहिली तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा एक कागद सरळ करत होतो.

त्या रविवारी सकाळी दूध आणायला गेलो असताना कोपऱ्यावरच्या खांबाला एक फ्लेक्स दिसला. तो तिथे जूनपासून होता. मी रोज त्याच्याखालून स्कूटर नेत होतो. पाटणकर सरांच्या मेव्हण्याच्या क्लासचा. 'आमचे यशस्वी विद्यार्थी.' प्रत्येकाचा फोटो, खाली नाव, खाली टक्के. सगळे मागच्या वर्षीचे दहावीचे. त्यातले अकरा चेहरे आमच्या शाळेचे होते.

मी दूध घरी ठेवलं, शाळेत गेलो, कपाट उघडून मागच्या वर्षीचे गुणतक्ते काढले. अकराच्या अकरा जणांना प्रात्यक्षिकाला अठराच्या वर होते. मग त्यांच्याच वर्गातली, त्यांच्याइतकेच लेखी गुण असलेली, पण फ्लेक्सवर नसलेली मुलं काढली. तेरा निघाली. तेरांपैकी बारा जणांना तेराच्या खाली. त्याच्या मागच्या वर्षाचे तक्ते काढले. फ्लेक्सवरचा फोन नंबर टाकून शोधल्यावर क्लासच्या त्या वर्षाच्या जाहिरातीही मोबाइलमध्ये सापडल्या. तोच नमुना. मला एकूण चाळीस मिनिटं लागली. एकाही मुलाला विचारावं लागलं नाही.

'मार्क तर तुमच्याकडेच असतात ना सर?' ती उद्धटपणे बोलली नव्हती. मला रीत सांगत होती.

आकडे दोन पानांवर लिहून मी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिले. त्या वर्षीचं प्रात्यक्षिक बाहेरच्या शिक्षकाकडून घेतलं गेलं. पाटणकर सरांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली, आणि त्यांनी वर्षभरात राजीनामा देऊन क्लास स्वतःच्या नावावर केला. आता फ्लेक्सवर त्यांचाच फोटो सगळ्यात मोठा असतो. सायलीला प्रात्यक्षिकाला वीसपैकी अठरा मिळाले. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कागदावर पाहिलं तर सगळ्यांचं भलं झालं.

फक्त पेटी बंद पडली. त्या वर्षी डिसेंबरपर्यंत चव्वेचाळीस चिठ्ठ्या होत्या. डिसेंबरनंतर मार्चअखेर शून्य. मला वाटलं, परीक्षेचा काळ आहे. जूनमध्ये मी पुन्हा तेच वाक्य म्हणालो, "विचारणार नाही, शोधणारही नाही." मैदानावर सहाशे मुलं होती. कोणी हसलं नाही, कोणी हूं केलं नाही. नुसती उभी होती. त्या वर्षीही शून्य. चॉकलेटचे कागदसुद्धा नाहीत. सायलीच्या वर्गातली मुलं शाळा सोडून गेली, नवी आली, तरीही शून्य. मुलांच्या शाळेत मोठ्यांना न कळणारी एक नोंदवही असते. ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाते आणि त्यात खाडाखोड होत नाही.

मी प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागायचं ठरवलं. मजकूर लिहून शिंदेबाईंना दाखवला. बाईंनी वाचून परत दिला. "सर, यात तिचं नाव नाही, पण वाचताना प्रत्येकाला तीच आठवणार. तुमचं मन हलकं करायला तिला आणखी एकदा उभं करणार का?" मी कागद खिशात ठेवला.

पुढे एक अधिकारी तपासणीला आले. तक्रारपेटीची नोंदवही त्यांनी चाळली. आठवड्यांमागून आठवडे माझ्याच अक्षरात 'निरंक', म्हणजे एकही नाही.

"वा!" ते म्हणाले. "इतकी समाधानी मुलं मी फार कमी शाळांत पाहिली. काय करता आपण?"

"काही नाही," मी म्हणालो. ते विनय समजले. त्यांनी तपासणीच्या अहवालात 'तक्रारी निरंक, उत्तम' असं लिहिलं आणि खाली मी सही केली. आयुष्यात खोट्या आकड्यावर मी कधी सही केलेली नाही. हा आकडाही खोटा नव्हता.

माझ्या शेवटच्या वर्षी, एप्रिलमध्ये, सायली शाळेत आली. चार वर्षांनी. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, शिवाय बुधवार पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात अर्धा दिवस काम करत होती. बरोबर धाकटी बहीण मनाली, आमच्याच शाळेत सहावीला. सायलीने एक अर्ज टेबलावर ठेवला. मनालीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. खाली आईची सही होती. मी ती प्रवेशअर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. बरोबर होती.

"कुठल्या शाळेत घालताय?"

तिने नाव सांगितलं. दोन बस बदलून जावं लागेल, इतकी लांब.

"लांब आहे," मी म्हणालो.

"हो सर. लांब आहे."

दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. मी पेन घेतलं. "कारण काय लिहू?"

"पालकांच्या विनंतीवरून. तसंच लिहितात ना?"

"तसंच लिहितात." मी पेन खाली ठेवलं. "सायली, त्या वेळी मी तुला बोलवायला नको होतं. आणि तुझी आई आली त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चार वर्षं तुला हे सांगायचं होतं. माझं चुकलं."

तिने मान हलवली. राग नव्हता. त्याला मी तयार होतो. हे अवघड होतं.

"तुम्ही मार्कांचं नंतर नीट केलंत, ते मला कळलं होतं सर. शिंदेबाईंनी सांगितलं होतं."

"मग हिला का नेतेस? आता पाटणकर सर इथे नाहीत. मीही जूनपासून नसेन."

सायलीने बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीतून मैदानातल्या कोणाला तरी हातवारे करत होती.

"ही फार बोलते सर. वर्गात काय झालं, कोण काय म्हणालं, कशाचं वाईट वाटलं, घरी आल्याआल्या सगळं सांगून टाकते. यंदा दिवाळीनंतर जरा कमी बोलायला लागलीय. विचारलं तर म्हणते, शाळेतलं शाळेत. मोठ्या मुलींनी सांगितलंय म्हणे. मला ती बोलतीच हवी आहे."

मी रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. सही केली, शिक्का मारला, दाखला तिच्याकडे दिला. तिने तो दोनदा वाचला, जन्मतारीख तपासली आणि फाइलमध्ये ठेवला.

मनाली खिडकीपासून वळली. टेबलाजवळ येऊन तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"सर, जायच्या आधी तुम्हाला एक सांगू?"

मी खुर्चीत पुढे सरकलो. सायलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल मनू," ती म्हणाली. "बाहेर गेल्यावर मला सांग."